दूधयंत्राचे सेटिंग आणि गाईचे सड

गाईच्या सडाच्या टोकाला जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची अरुंद वाट असते. कासेत साठलेले दूध याच वाटेने बाहेर येते आणि रोगजंतूंनाही आत शिरायला हीच वाट असते. तिच्याभोवती स्नायूंचे कडे असते आणि आतल्या बाजूने केराटीन या चिवट, मेणचट पदार्थाचा थर असतो. धार संपली की कडे आवळते आणि केराटीन उरलेली फट बुजवते. प्रत्येक धारेबरोबर या थराचा बराच भाग, काही मोजमापांनुसार चाळीस टक्क्यांपर्यंत, वाहून जातो. पुढच्या धारेपर्यंत तो पुन्हा तयार व्हावा लागतो. हातधारेत अंगठा दुमडून सड ओढला तर हे टोक दुखावते. यंत्र चुकीच्या सेटिंगवर चालले तरी तेच होते, फक्त ते दिवसातून दोनदा, वर्षभर, अगदी एकसारखे होत राहते.

पारनेर तालुक्यातील सुपा आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न गोठ्यागोठ्यात आहे. तालुका अवर्षणाचा, शेती पावसाच्या भरवशावर, त्यामुळे रोजचा पैसा दुधातून येतो. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, राज्यातल्या आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांत मोडतो. इथल्या दावणीला आणि मुक्त गोठ्यात मुख्यतः होल्स्टिन संकरित गाई दिसतात. बोलीत मात्र सगळ्याच संकरित गाईंना सर्रास ‘जर्शी’ म्हटले जाते. सुपा एमआयडीसीत पाळीने कामे चालतात, तिथे पहाटे पाचला धारेला येणारा माणूस मिळणे अवघड असते. आठ-दहा गाई झाल्या की घरातल्यांची मनगटे भरून येतात आणि दारात बादलीचे यंत्र येते. एक मोटर, एक व्हॅक्युम पंप, एक-दोन बादल्या आणि प्रत्येक बादलीला चार कपांचा एक संच एवढाच त्याचा पसारा. विक्रेता पहिल्या दिवशी व्हॅक्युमचा काटा लावून देतो. पुढे दोन-तीन वर्षे त्या काट्याला सहसा कोणी हात लावत नाही.

यंत्राची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. सुरुवातीची यंत्रे सडावर अखंड ओढ लावत. दूध निघे, पण सडात रक्त साकळे आणि सड सुजून येत. १८९५ मध्ये स्कॉटलंडमधील अलेक्झांडर शील्ड्स याने ‘थिसल’ नावाचे यंत्र आणले. त्यात ओढ मधूनमधून सैल पडण्याची सोय होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील अलेक्झांडर गिलीज याने दुहेरी कक्षाचा कप बनवला. बाहेर कडक कवच आणि आत लवचिक रबरी नळी, म्हणजेच आजचे लायनर, अशी त्याची रचना होती. आजचे अद्ययावत यंत्रसुद्धा याच कपावर चालते.

लायनरच्या आत, सडाच्या टोकाखाली, व्हॅक्युम कायम असतो. लायनर आणि कवच यांच्यामधल्या पोकळीत पल्सेटर आळीपाळीने व्हॅक्युम आणि बाहेरची हवा सोडतो. पोकळीत व्हॅक्युम असताना लायनर उघडते, सडाचे तोंड उघडते आणि दूध ओढले जाते. पोकळीत हवा शिरली की लायनर सडाखाली मिटते आणि टोक हलकेच दाबले जाते. ओढीमुळे टोकाशी जमलेले रक्त आणि लसिका या दाबाने मागे सारले जातात. धार चालू असताना सडाला मिळणारी विश्रांती एवढीच, आणि यंत्राच्या बहुतेक सेटिंगचा हेतू ती विश्रांती पुरेशी मिळावी हाच असतो.

पहिले सेटिंग व्हॅक्युमचे. बादलीच्या यंत्रावर गाईसाठी ४२ ते ४४ किलोपास्कल बहुधा पुरेसे ठरतात. पाऱ्याच्या इंचांत हे साडेबारा ते तेरा आणि मिलिमीटरमध्ये ३१५ ते ३३० होतात. मात्र काट्यावरचा आकडा सडाला जाणवतोच असे नाही. दूध भरात वाहत असताना क्लॉमधला, म्हणजे चारही कपांच्या नळ्या जिथे मिळतात त्या वाटीतला, व्हॅक्युम काट्यापेक्षा कमी असतो. नळी लांब असली, दुमडलेली असली किंवा दुधाने भरून वाहत असली तर तो आणखी उतरतो. गाईला भरपूर पान्हा असतानाचा हा क्लॉमधला सरासरी व्हॅक्युम ३२ ते ४२ किलोपास्कलच्या दरम्यान असावा, अशी सर्वमान्य शिफारस आहे. मोठ्या डेअरीत दूधवाहिनी गाईच्या डोक्याच्या उंचीवरून जाते, तिथे दूध वर चढवण्यासाठी काटा ५० च्या आसपास ठेवावा लागतो. बादली जमिनीवर असते, तिला ही चढण नाही. तरीही अनेक गोठ्यांत बादलीच्या यंत्राचा काटा ५० वर उभा दिसतो, कारण वाढवला की धार लवकर उरकते असा अनुभव असतो. तो अनुभव खोटा नाही, पण अर्धवट आहे. दूध भरात असताना वेग थोडा वाढतो खरा, मात्र अखेरीस कप सडावर वर सरकतात, कासेपासून सडात येणारी वाट आवळली जाते आणि कासेत राहणारे दूध वाढते. मग ते काढण्यासाठी यंत्र आणखी वेळ लावून ठेवले जाते.

एकच यंत्र म्हशीला आणि गाईला वापरले जाते तिथे गफलत हटकून होते. म्हशीच्या सडाचे कडे घट्ट असते, तिला जास्त व्हॅक्युम आणि जलद ठोके लागतात, म्हणून काटा ५० च्या पुढे न्यावा लागतो. म्हशीची धार काढून झाल्यावर तेच यंत्र त्याच काट्यावर शेजारच्या पहिलारू गाईला लावले तर तिचे सड दोन-चार दिवसांतच लाल-निळे दिसू लागतात.

व्हॅक्युम कमी ठेवला की सगळे निर्धोक, असेही नाही. फार उतरलेल्या व्हॅक्युमवर कप घसरतात आणि बाजूने हवा शिरताना ‘चर्र’ असा आवाज येतो. त्या क्षणी हवेचा झोत दुधाचे थेंब उलट दिशेने सडाच्या उघड्या तोंडावर फेकतो. त्या थेंबांत दुसऱ्या सडाचे जंतू असतील तर ते थेट आत जातात. म्हणून व्हॅक्युम योग्य पातळीवर असण्याइतकाच तो स्थिर असणेही महत्त्वाचे. इथे रेग्युलेटर आणि पंप यांची कसोटी लागते. रेग्युलेटर जादा हवा आत घेऊन काटा एका जागी धरून ठेवतो. त्याच्या जाळीत धूळ बसली की तो अडकतो आणि काटा मनमानी वर चढतो. पंपातले ऑइल संपले, पट्टा सैल झाला किंवा व्होल्टेज उतरून मोटर धापा टाकू लागली की राखीव ताकद उरत नाही. एक कप सुटला तरी संपूर्ण व्हॅक्युम कोसळतो. क्लॉला हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते, तेही महत्त्वाचे. साय धरून ते बुजले की दूध क्लॉमध्ये साचते आणि व्हॅक्युम हेलकावे खातो. ते जाड सुईने कोरून काढले तर छिद्र मोठे होते आणि दुसरीच अडचण उभी राहते.

दुसरे सेटिंग ठोक्यांचे. गाईसाठी मिनिटाला साधारण ६० ठोके, म्हणजे एका ठोक्याला एक सेकंद. त्यातला किती भाग ओढीचा आणि किती विश्रांतीचा, हे गुणोत्तर ६०:४० किंवा ६५:३५ ठेवले जाते. पण कागदावरची ४० टक्के विश्रांती सडाला सगळी मिळत नाही. लायनर एका झटक्यात मिटत नाही, मिटण्यात सेकंदाचा दहावा ते सातवा हिस्सा जातो. लायनर पूर्ण मिटलेल्या अवस्थेत राहण्याचा काळ एका ठोक्यात किमान १५० मिलिसेकंद असावा, असा मापदंड आहे. ठोके ७५ वर गेले आणि गुणोत्तर ७०:३० ठेवले, तर एका ठोक्याचे ८०० मिलिसेकंद होतात. त्यातले विश्रांतीच्या वाट्याला येतात २४०, आणि मिटण्याचा काळ वजा केला की खरी विश्रांती जेमतेम शंभर-सव्वाशे उरते. ही धार झटपट उरकणारी वाटते, पण सडाला ती महागात पडते.

सुप्याकडे उन्हाळ्यात माळावरून उडणारी धूळ, कुटीचा भुसा आणि गाईचे केस पल्सेटरच्या हवा घेण्याच्या छिद्रात जाऊन बसतात. हवा हळू शिरते, लायनर हळू मिटते आणि विश्रांतीचा काळ सगळ्यात आधी खाल्ला जातो. ठोक्यांची संख्या मात्र तीच राहते, त्यामुळे कानाला काही कळत नाही. हवेवर चालणाऱ्या स्वस्त पल्सेटरमध्ये तर व्हॅक्युम वर-खाली झाला तरी ठोके बदलतात. स्क्रू पिळून जमवलेली गती महिन्याभरात कुठल्या कुठे गेलेली असते.

यावर एक साधी घरगुती तपासणी आहे. यंत्र चालू करून कपात स्वच्छ अंगठा घालायचा, उरलेले तीन कप खाली लोंबू देऊन बंद ठेवायचे आणि मोबाइलवर एक मिनिट लावून अंगठ्यावरचे दाब मोजायचे. साठाच्या आसपास दाब मोजले गेले तर गती बरोबर आहे. प्रत्येक दाबात लायनर अंगठ्याला पुरते वेढून क्षणभर थांबते की नुसते थरथरून सोडते, याकडे लक्ष द्यायचे. मग चारही कपांत असेच करायचे. एखाद्या कपात दाब लागतच नसेल तर कवचाला जोडलेली छोटी नळी फाटलेली किंवा बुजलेली असते. त्या कपात येणारा सड रोज अखंड ओढ सोसत असतो, आणि एकाच गाईचा नव्हे, तर त्या संचावर येणाऱ्या प्रत्येक गाईचा त्याच बाजूचा सड खराब होतो. नेमके मोजमाप पल्सेशन टेस्टरनेच होते, पण नळी गेल्याचे अंगठ्यालाही कळते.

लायनर ही यंत्रातली सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत उशिरा बदलली जाणारीही. रबरी लायनरचे आयुष्य साधारण अडीच हजार धारा इतके धरतात. दहा गाई, एक संच आणि दोन वेळा धार म्हणजे रोज वीस धारा. अडीच हजारांचा आकडा १२५ दिवसांत, म्हणजे चार महिन्यांच्या थोडे पुढे गाठला जातो. संच दोन असतील तर हिशेब आठ महिन्यांवर जातो, पण धुण्याचे गरम पाणी, सोडा, ॲसिड आणि स्निग्धांश यांनी रबर तसेही शिळे होते, म्हणून सहा महिन्यांनी बदलणेच बरे. जुने लायनर ताण गमावते. ते हळू उघडते, सैल मिटते आणि त्याच्या आतल्या सूक्ष्म भेगांत जंतू घर करतात. बाहेरून ते काळे आणि धड दिसते, हीच अडचण. नळी फाटल्यावरच बदलायची, हा हिशेब पंक्चरच्या ट्यूबला चालतो, लायनरला चालत नाही.

लायनरचे माप हा संकरित कळपातला वेगळाच पेच आहे. होल्स्टिनच्या आखूड, बारीक सडासाठी बनवलेले लायनर गीर रक्ताच्या लांब, जाड सडाला आवळते, आणि जाड सडासाठीचे लायनर पहिलारूच्या सडाला ढिले पडते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. अशा मिश्र रक्ताच्या कळपात एकाच दावणीला तीन प्रकारचे सड आढळणे नवलाचे नाही. सडाच्या मधल्या जाडीपेक्षा लायनरची आतली रुंदी किंचित, साधारण एक मिलिमीटरने, कमी असावी. ते फार रुंद असेल तर लायनरच्या तोंडाशी व्हॅक्युम वाढतो आणि सडाच्या मुळाशी गोल वळ उठते. सगळ्यांना पुरे पडणारे माप नसतेच, तेव्हा कळपातल्या बहुसंख्य गाईंच्या सडाला बसणारे माप निवडणे एवढेच हाती राहते.

एवढे सगळे बरोबर असूनही सड बिघडतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा यंत्राच्या काट्यात नसून घड्याळात सापडते. दूध वाहत नसताना कप लावून ठेवणे सडाला सर्वाधिक सोसावे लागते. दुधाचा प्रवाह चालू असताना व्हॅक्युमची बरीच ओढ दुधावर पडते, प्रवाह थांबला की ती सगळी सडाच्या कातडीवर येते. हे धारेच्या दोन्ही टोकांना घडते. सुरुवातीला पान्हा सुटण्याआधीच कप लावले तर आधी सडातले थोडे दूध निघते, मग अर्धा-पाऊण मिनिट काहीच येत नाही. कास धुऊन, पुसून, सडातून पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून १०-२० सेकंद हाताळले, की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते. ते रक्तातून कासेपर्यंत पोहोचून पान्हा यायला साधारण मिनिट ते दीड मिनिट लागते. तेवढा वेळ थांबून कप लावले तर दूध एका ओघात येते. आंबोण पुढ्यात टाकणे, बादलीचा आवाज, रोजचाच माणूस या गोष्टींनीही गाय पान्हा सोडते. आरडाओरडा झाला की ती पान्हा चोरते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन रोज टोचून पान्हा सोडवण्याची सवय मात्र गाईच्या अंगवळणी पडते, आणि मग ती टोचल्याशिवाय दूध देत नाही.

धारेच्या शेवटी तर हमखास चूक होते. मागच्या दोन सडांत पुढच्यांपेक्षा जास्त दूध असते, साधारण साठ-चाळीस असे त्याचे प्रमाण. म्हणजे मागचे सड चालू असताना पुढचे आधीच रिकामे झालेले असतात. त्यात शेवटचा थेंब निघावा म्हणून क्लॉवर हात दाबून, कास चोळत दोन-तीन मिनिटे घालवली जातात. शेवटच्या दुधात फॅट जास्त असते आणि संकलन केंद्रावर भाव फॅटवर ठरतो, त्यामुळे ही सवय तर्काला धरूनच आहे. पण कासेत वाटीभर दूध राहिले तर निरोगी गाईचे काही बिघडत नाही. दहा लिटर देणाऱ्या गाईची धार पाच-सहा मिनिटांत संपायला हवी, आणि काचेच्या किंवा पारदर्शक नळीत दुधाची धार तुटक झाली की व्हॅक्युम बंद करून, दोन-तीन सेकंद थांबून कप अलगद उतरवायचे. व्हॅक्युम चालू असताना ओढून काढलेला कप सडाच्या टोकाला हिसका देतो आणि जंतूही आत ढकलतो.

सेटिंग चुकल्याचा पुरावा कप काढल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात सडावरच दिसतो. निरोगी सड कप काढल्यावरही मऊ, गुलाबी आणि सरळ असतो. तो लालसर, निळसर किंवा पांढरट-फिकट झाला, हाताला टणक लागला, टोक चपटे, पाचरीसारखे झाले किंवा मुळाशी वळ उठले, तर व्हॅक्युम, ठोके, लायनर किंवा वेळ यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. सडाच्या टोकाची जाडी धारेनंतर ५ टक्क्यांहून अधिक वाढली तर नव्या संसर्गाचा धोका वाढतो, असे मोजमापांतून दिसून आले आहे. दुसऱ्या खुणा आठवड्यांनी उमटतात. सडाच्या तोंडाभोवती केराटीनची कडी जमते. पहिल्यांदा ती गुळगुळीत असते, मग खरखरीत होते, पुढे फुलासारखी फाटून तिचे तंतू बाहेर येतात. जगभरचे पशुवैद्य या कडीचे चार दर्जे करतात, कडी नसलेला, गुळगुळीत, खरखरीत आणि फार खरखरीत. कळपातल्या वीस टक्क्यांहून अधिक सडांना खरखरीत किंवा त्याहून वाईट कडी असेल तर यंत्राकडे आणि धार काढण्याच्या पद्धतीकडे बघावे, असा संकेत आहे. दहा गाईंच्या गोठ्यात चाळीस सड तपासायला दहा मिनिटे पुरतात.

या खरखरीत कडीच्या खाचांत मळ आणि जंतू अडकून राहतात, टीट डिप, म्हणजे धारेनंतर सड ज्यात बुडवतात ते जंतुनाशक, आतपर्यंत पोहोचत नाही आणि सडाचे तोंड नीट मिटत नाही. तिथूनच मस्टायटिस, म्हणजे गोठ्यातल्या भाषेत ‘दगडी’, सुरू होते. सगळ्या दगडीला यंत्र कारण नसते, हे खरे. ओला गोठा आणि हात-फडके न धुता एका गाईवरून दुसरीवर जाणे ही मोठी कारणे आहेत. पण सडाचे तोंड धड असेल तर तीच घाण बाहेरच्या बाहेर राहते.

सडावरची प्रत्येक जखम यंत्राच्या माथी मारणेही चूक आहे. पारनेरच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि थंड असते, त्या काळात कातडी फुटते आणि कडीही जाड होते. तेव्हा ग्लिसरीन असलेले आयोडीन डिप वापरणे सोयीचे. दूध भरात असलेल्या, तीन-चार वेतांच्या, टोकदार सडाच्या गाईंना कडी मुळातच जास्त जमते. लाळ्या-खुरकूत, देवीसारखे विषाणूजन्य फोड किंवा २०२२ मध्ये राज्यभर पसरलेला लम्पी यांत सडांवर व्रण उठतात, पण ते निवडक गाईंच्या सडांवर, कासेवर आणि अंगावरही दिसतात. यंत्राचा दोष मात्र त्या संचावर येणाऱ्या बहुतेक गाईंत, धार संपताच आणि सडापुरता दिसतो.

दोष सुधारला की लाली, टणकपणा आणि वळ दोन-चार दिवसांत ओसरतात. कडीला तसे होत नाही. गुळगुळीत कडी काही आठवड्यांत कमी होते, पण फाटलेली, जुनी कडी बहुधा गाय आटवून दोन महिन्यांचा भाकड काळ मिळाल्यावरच भरून येते. तोवर धारेनंतर सड डिपमध्ये बुडवायचे आणि गाईला गव्हाणीत ताजी वैरण टाकून अर्धा-एक तास उभे ठेवायचे, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत ती शेणात बसत नाही.